अंगठ्याने चालणारं इंजिन

चार दिवसांसाठी केलेली दुरुस्ती तीन वर्षं चालली. केली मीच होती, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कुणी नाही.

आमचा जेरमाल म्हणजे भर समुद्रात खांब ठोकून त्यावर फळ्या टाकलेला माळा. त्यावर आम्ही बारा पुरुष, एक स्वयंपाकघर, मासळी उकडायच्या दोन कढया आणि वाळवायला चटया. किनारा चौदा किलोमीटरवर. हवा स्वच्छ असली तर एक करडी रेघ दिसते, नसली तर तीही नाही. खाली जाळं सोडलेलं असतं. ओहोटीचा ओढा मासळी आणून जाळ्यात घालतो आणि आम्ही दर तीन तासांनी जाळं वर ओढतो. ओढायला रहाट, रहाटाला पट्ट्याने जोडलेलं इंजिन आणि इंजिनाला मी. नाव मांगासी, पण तिथे सगळे मिस्त्रीच म्हणायचे.

इंजिनात गव्हर्नर नावाचा भाग असतो. वजन वाढलं की तो आपोआप डिझेल वाढवतो, वजन उतरलं की कमी करतो. तीन वर्षांपूर्वी त्याची स्प्रिंग तुटली. बोट यायला चार दिवस होते आणि मासळी तर नुसती लोटली होती. मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! डिझेलचा खटका बाहेर काढला, त्याला ट्यूबची रबरी पट्टी बांधली आणि शेजारी खोक्यावर बसलो. जाळं जड झालं की अंगठ्याने खटका दाबायचा, पाण्याबाहेर आलं की सोडायचा. लवकर सोडला तर इंजिन मरतं, उशिरा सोडला तर पिसाळतं. कधी सोडायचा ते आवाजावरून कळतं. म्हणजे मला कळतं. नऊ मिनिटांत जाळं वर! आख्ख्या किनाऱ्यावर कुणाचं येत नव्हतं एवढ्यात.

झालं, तेव्हापासून मी त्या खोक्यावर. बाकीचे दर तीन महिन्यांनी घरी जाऊन बायकोच्या हातचं खाऊन येत. माझी पाळी आली की आमचा मुकादम वाक लेमान दाढी खाजवत एकच विचारायचा, "जा की. पण इंजिनावर कोण बसणार?" तीन वर्षांत दोनदा घरी गेलो, तेही जाळं फाटून किनाऱ्यावर शिवायला गेलं म्हणून.

त्या शनिवारी बहिणीचा, रोतुआचा फोन आला. जेरमालवर फोन फक्त एका कोपऱ्यात लागतो, संडासाच्या मागे, खांबाला मिठी मारून उभं राहिलं तर. मी मिठी मारली.

"दादा, पुढच्या शनिवारी बोनारचं लग्न. मंगळवारच्या बोटीने निघ."

"बघतो गं."

"बघतो नाही! बोनारचे बाबा गेले तेव्हाही बघतोच म्हणाला होतास. त्यांच्या मातीला माझ्या माहेरचं कुणी नव्हतं, दादा. सासरच्यांनी तोंडावर विचारलं मला, भाऊ मेलाय का तुझा?"

खालून लाटा खांबावर आपटत होत्या.

आमच्या बटाक लोकांत भाच्याने परक्या घरची मुलगी केली तर मामाने तिला आपली लेक म्हणायचं असतं. दोघांच्या खांद्यावरून एकच उलोस पांघरायचं, आमच्याकडे विणतात ते वस्त्र, मग ती घरची झाली. बोनारला सख्खा मामा मी एकटा. लहानपणी खांद्यावर बसवून तळ्यावर न्यायचो त्याला.

"नीट ऐक," रोतुआ म्हणाली. आवाज शांत होता, तोच वाईट. "तुझ्यासाठी मी लग्न मोडणार नाही आणि मामाची खुर्चीही रिकामी ठेवणार नाही. चुलतभावाला बसवीन. तो उलोस घालेल, मग मामा तो. यापुढे बारशाला, मातीला, कशालाच मी तुला बोलावणार नाही. तू बैस तिथेच तुझ्या इंजिनाशी."

फोन कट झाला. की तिनेच ठेवला, देव जाणे.

मी तडक लेमानकडे गेलो. वाक म्हणजे काका. माणूस वाईट नाही तो, पण डोकं नारळाच्या करवंटीचं.

"वाक, मंगळवारी मी जातोय."

"जा की. पण इंजिनावर—"

"कोण बसणार, कोण बसणार! हाताने ओढा!"

"हाताने एका जाळ्याला दीड तास लागतो. दिवसाची दोन-तीन जाळी बुडतात. अकरा जणांच्या पोटावर पाय येईल तो तुझा. सांग त्यांना तूच." आणि मग माझ्याकडे बघून जरा मवाळला. "हे बघ मिस्त्री. मंगळवारी बोट दुपारी येते. तिच्याआधी तीन जाळी तुझ्याशिवाय वर आली पाहिजेत. तू स्वयंपाकघरात बसायचं. इंजिनाच्या खोलीत पाऊल टाकलंस की बोट तुझ्याशिवाय जाईल. मंजूर?"

"पाऊल कशाला टाकेन मी?"

"ओळखतो मी तुला," लेमान म्हणाला.

रविवार आणि सोमवार मी स्प्रिंग करण्यात घालवले. जाळ्याच्या दोरातली पोलादी तार काढली, सळईवर गुंडाळली, कढईखालच्या निखाऱ्यात लाल केली, खोबरेल तेलात विझवली. पहिली नरम पडली. दुसरी लावता लावता तुटली आणि गालावर बसली. तिसरी मात्र काय सुंदर चालली! आवाज असा की ऐकत राहावं. एक जाळं निघालं, नऊ मिनिटं. दुसऱ्या जाळ्याला ताणून लांब झाली ती झालीच. चौथी करायला घेतली.

सोमवारी दुपारी सोखी येऊन दारात उकिडवा बसला. हा नियास बेटावरचा, मासळी उकडायचं काम त्याचं, बोलणं कमी. बराच वेळ माझी खटपट बघत होता.

"मिस्त्री, खटका एका जागी बांधून टाकला तर?"

"तर इंजिन मरेल, दुसरं काय. जड जाळ्याला डिझेल नको जास्त?"

"पट्टा जरा ढिला ठेवायचा. जड झालं की पट्टा घसरेल, इंजिन चालू राहील. आम्ही चौघं रहाटाला जुने दांडे लावून रेटू. हलकं झालं की पट्टा परत पकडेल."

"ढिला पट्टा!" मी उडालोच. "अरे, शाळेतलं पोरसुद्धा पट्टा ढिला ठेवत नाही! आणि जाळं बाहेर आल्यावर पिसाळलं की?"

"खटका इतका खाली बांधायचा, की पिसाळायला डिझेलच मिळणार नाही."

"आणि वेळ किती लागेल, हुशार?"

"अर्धा तास लागेल."

"अर्धा तास! नऊ मिनिटांचं काम! ह्याला दुरुस्ती म्हणतात? कुणी बघितलं तर शेण घालेल माझ्या तोंडात."

"इथे कोण येतंय बघायला?" सोखी म्हणाला. मग सहज म्हणून बोलला, "ती दीड वर्षापूर्वी मालकाने पाठवलेली स्प्रिंग नीट बसली असती तर ही पाळीच आली नसती. चुकीच्या मापाची पाठवली मेल्याने."

हातातली तार ठेवून दिली. तोंडात आलेलं गिळायला लागलो, पण दोन दिवसांचा थकवा, गाल सुजलेला, आणि रोतुआचा तो शांत आवाज डोक्यात. गिळवलं नाही.

"बसली होती ती," मी म्हणालो.

"काय?"

"स्प्रिंग. बसली होती. जरा कडक होती. इंजिन डुलायचं, हळू-जोरात, हळू-जोरात. बारा मिनिटं लागायची जाळ्याला. ऐकवत नव्हतं मला. तिसऱ्या दिवशी काढली आणि समुद्रात फेकली. वाकला सांगितलं माप चुकलंय, म्हणून डुलतंय."

उकिडवा बसलेला सोखी मांडी घालून खाली बसला.

"आणि पंधरा दिवसांनी माझा मेव्हणा गेला," मी म्हणालो. "वाकने विचारलं, इंजिनावर कोण बसणार. मी बसलो."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा सरळ शब्दांत नाही. लेमानला शिव्या घालायचो, मालकाला घालायचो, रात्री कूस बदलत म्हणायचो की ह्यांनी मला इथे डांबलंय. खोटं नव्हतं ते. पण मी खोक्यावर बसलो की सगळे माझ्या अंगठ्याकडे बघायचे, आणि ते मला आवडायचं. फार आवडायचं.

"तीन मिनिटांसाठी, मिस्त्री?" सोखीने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"जा, कढईकडे बघ, मासळी करपेल!" मी खेकसलो. तो उठून गेला. मी तिथेच बसून राहिलो. बहिणीच्या नवऱ्याची माती आणि तीन मिनिटं. हिशेब लावायची हिंमत होईना.

संध्याकाळ व्हायच्या आत मी सोखीला हाक मारली. चौथी स्प्रिंग बाजूला फेकली, खटका खाली आणला आणि तारेने बोल्टला आवळून टाकला. पट्टा ढिला करताना माझे हात अक्षरशः लाजत होते. एकच गोष्ट मात्र मी नीट केली, पुन्हा पुन्हा तपासली, दाते कानशीने घासले. ती म्हणजे रहाटाची अडणी. बाकी कसंही वेडंवाकडं चालू दे, पण वजनाने रहाट उलटा फिरून दांडा कुणाच्या छातीत बसता कामा नये. तिथे चालढकल नाही.

मग मी खटका केसभर वर घ्यायला गेलो. सोखीने माझं मनगट धरलं.

"पुरे."

"अरे, केसभर—"

"मिस्त्री, उद्या तुम्ही नाही आहात. आम्हाला जमेल तिथेच राहू दे."

मंगळवारी सकाळी आठला मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. खोली केवढी? चार पावलं. एक दार, एक फळकुटाची खिडकी, तीही समुद्राकडे. सारिमुन नावाचा आमचा जावा बेटावरचा आचारी लसूण सोलत होता. लेमानने त्याला माझ्यावर पहारेकरी नेमलं होतं.

"बसा मिस्त्री, लसूण सोला. हाताला काम राहील."

इंजिन सुरू झालं. काय तो आवाज! नाकात बोलणाऱ्या माणसासारखं कण्हत होतं. जाळं जड व्हायला लागलं ते मला तळपायाला कळलं, फळ्या थरथरतात तशा. आता दाब, आता दाब, माझा अंगठा लसणीवर दाबला जात होता. पट्टा किंचाळला. पलीकडून चौघांची आरोळी, दांड्यांचं करकरणं. पुन्हा किंचाळणं. शेवटी जाळं वर आलं. सारिमुनने घड्याळ बघितलं.

"चौतीस मिनिटं."

"मेलो," मी म्हणालो.

"आलं ना वर?"

दुसऱ्या जाळ्याला इंजिन बंद पडलं. दणकन शांतता. मी कधी उठलो मलाच कळलं नाही, पण सारिमुन दारात आडवा उभा होता, हातात सुरी, आणि सुरीला लसूण चिकटलेली.

"हो बाजूला!"

"पाय बाहेर टाकलात तर मला वाकला सांगावं लागेल."

"सांग जा!"

"सांगेन की. मग तुम्ही इथेच. आयुष्यभर माझ्या हातचं खात बसा. तुम्हीच म्हणता ना, ह्याच्या हातचं खाण्यापेक्षा विष बरं?"

"अरे, त्यांना सुरू करता येणार नाही! हँडल मारताना अंगठा आत ठेवला तर मोडेल कुणाचा तरी!"

"काल संध्याकाळी तुम्हीच तासभर शिकवलंत. मी भात लावत होतो, मलासुद्धा पाठ झालंय."

मी भिंतीला टेकलो. हँडल फिरल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. नाही. कुणीतरी आईवरून शिवी घातली. तिसऱ्यांदा धडधडलं. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगू? सुरू झालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी मनाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, व्हायला नको होतं. लाज वाटली मला त्या कोपऱ्याची.

दोन वाजता बोट लागली. तांदूळ आणि मीठ उतरलं, वाळलेल्या मासळीची पोती चढायला लागली. तिसरं जाळं आणि बोटीची निघायची वेळ एकमेकांच्या अंगावर आली. तिचा तांडेल ओरडत होता, ओहोटी लागतेय, थांबणार नाही.

तिसरं जाळं सगळ्यांत भरलेलं होतं. पट्टा नुसता रडत होता, आणि थोड्या वेळाने जळक्या रबराचा वास स्वयंपाकघरात शिरला. कुठे चुकतंय ते मला भिंतीपलीकडून दिसत होतं. अर्धा अंगठा. अर्ध्या अंगठ्याचं काम होतं ते! पळत जायचं, खटका एकदा दाबायचा, पळत यायचं, दहा सेकंद. कुणाला कळलंही नसतं. सारिमुन भात काढत होता, दार मोकळं होतं. आणि माझे पाय उठायला बघत होते. दोन्ही हात मी मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. असा बसलो की बोटं बधिर झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सारिमुनने वळून बघितलं आणि पुन्हा भाताकडे वळला, कांद्याचं निमित्तसुद्धा नव्हतं बिचाऱ्याकडे द्यायला.

मग पट्ट्याचं रडणं थांबलं. इंजिनही थांबलं. चपलांचा आवाज करत लेमान आला, घामाने थबथबलेला. त्यानेही दांडा रेटला होता.

"अठ्ठेचाळीस मिनिटं. पट्टा अर्धा जळालाय. दोन टोपल्या मासळी निसटून गेली."

मी उठलो. "मी जरा बघतो, वाक. फक्त पट्टा—"

"बघू नकोस." त्याने माझी पिशवी उचलून माझ्या छातीवर आपटली. "जाळं वर आलंय. बोटीत बस."

शनिवारी चर्च आटोपून आम्ही सगळे मांडवात आलो. ढोल वाजत होते, डुक्कर शिजत होतं, माझ्या अंगात मेव्हण्याचा कोट होता, बाह्या लांब. रोतुआ सकाळपासून माझ्याशी धड बोलली नव्हती, पण खुर्चीवर मला बसवलं होतं. उलोस मांडीवर घेऊन मी हाकेची वाट बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला. वाक लेमान. नक्की संडासामागे खांबाला मिठी मारून उभा असणार. मी मांडवाच्या कडेला गेलो.

"काय झालं वाक? दांडा लागला का कुणाला?"

"कुणाला काही नाही. नवा पट्टा घातला. सोखीने खटका आणखी केसभर खाली घेतलाय."

"खाली? अरे, वर घ्यायला पाहिजे तो! त्याला म्हणावं, मी येईपर्यंत हात लावू नकोस, मी सोमवारीच निघतो—"

"मिस्त्री, ऐक तर. एकवीस मिनिटं लागतात आता. आम्ही आळीपाळीने दांड्याला लागतो. मागच्या चार दिवसांत एकदाही बंद नाही पडलं." मागे इंजिनाचा आवाज येत होता, डुलत, कण्हत, हळू-जोरात. "म्हणून फोन केला. तू सावकाश ये. महिनाभर राहिलास तरी हरकत नाही. घाई करू नकोस."

तीन वर्षं मी हेच ऐकायला जीव टाकत होतो. ऐकलं, आणि कुणीतरी छातीत बुक्की मारावी तसं झालं. लेमान दोनदा हॅलो हॅलो म्हणाला आणि फोन तुटला.

"दादा!" रोतुआ ओरडली. "पोरं ताटकळलीयेत! मामाला बोलावताहेत!"

मी गेलो. बोनार आणि त्याची बायको शेजारी शेजारी उभी होती, दोघांचे खांदे एकमेकांना चिकटलेले. मी उलोस उलगडलं आणि दोघांना मिळून पांघरलं. तिला लेक म्हणालो. पुढचे शब्द पाठ होते, पण एकही फुटेना. मी सगळ्या पंचक्रोशीसमोर लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागलो. बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, मामाची माया म्हणतात ती हीच.

रोतुआने माझा दंड धरला. आठवड्याभरात पहिल्यांदा तिचा आवाज मऊ झाला होता.

"पुरे आता, दादा. आलास ना तू?"

"हो," मी म्हणालो. "आलो."